आगीसाठी ठेवलेलं पाणी

ते कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. लग्नघर असो, दुखवट्याचं घर असो, वकिलाचं ऑफिस असो, चपला काढता काढताच त्यांची मान मागे जायची आणि नजर छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायची. घरातल्या बायकांना वाटायचं, जळमटं बघतायत. आमच्या बिल्डिंगमधली एक नवी सून ते येणार म्हटल्यावर स्टुलावर चढून छत झाडून घ्यायची. त्यांना जळमटं दिसतच नसत. छताला पाण्याचे पाईप आहेत का, एवढंच ते बघायचे. पाईप कुठेच नसायचे. मग ते जरा हिरमुसून बसायचे आणि पुढे केलेला चहा घ्यायचे.

आग लागली तर आपोआप पाणी फवारणारे हे पाईप. स्प्रिंकलर म्हणतात त्यांना. बीडमध्ये घराच्या छताला ते लावलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. आमच्या नगर रोडच्या आतल्या चार मजली बिल्डिंगला ते होते, कारण बिल्डिंग त्यांनी बांधली होती. एवढ्या उंचीच्या इमारतीला कायद्याने ते बंधन नव्हतं. त्यांनी ते आपणहून लावले, आणि त्यासाठी गच्चीवर एक वेगळी टाकी बांधली. त्या टाकीतलं पाणी फक्त आगीसाठी. प्यायचं नाही, सांडायचं नाही, झाडांना घालायचं नाही. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याची खात्री कुणी देत नाही, त्या गावात भरलेली टाकी नुसती ठेवून देणारा माणूस लोकांना काय वाटला असेल याची कल्पना करता येईल.

आम्ही सगळे त्यांना मालक म्हणायचो. काही फ्लॅट त्यांनी विकले होते, काही भाड्याने दिले होते, पण विकत घेतलेलेही मालकच म्हणायचे. लिंगायत समाजातलं जुनं कापडदुकानदारांचं घराणं. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढराशुभ्र नेहरू शर्ट, आणि समोर येईल ते कापड दोन बोटांत धरून चोळून बघायची सवय. तुमच्या खिडकीचा पडदा असला तरी चोळायचे. "हे पॉलिस्टर हाय," म्हणायचे. "भुर्रकन पेटंल. सुती घ्या, सुती जरा वेळ देतं." दुकानात बस्ता बांधायला आलेल्या माणसांसमोर त्यांनी शालू चोळून हेच सांगितलं, तेव्हा मुलाने हात जोडून त्यांना गल्ल्यावरून उठवलं. तेव्हापासून दुकान मुलाकडे आणि बिल्डिंग त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली होती.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागून बीडला आले आणि तिसऱ्या मजल्यावरचा त्यांचा फ्लॅट बघायला गेले तो दिवस मला नीट आठवतो. आतल्या खोलीच्या छताला मधोमध एक पितळी तोटी होती, उलट्या फुलासारखी, आणि तिच्यात लाल पाण्याने भरलेली बारीक काचेची नळी.

"या खोलीत माझी पुस्तकं राहणार," मी म्हणाले. "इथली ही तोटी बंद करता येईल का? चुकून पाणी सुटलं तर सगळी भिजतील."

"मॅडम, भिजलेलं पुस्तक वाळतं का न्हाई?"

"वाळतं. पण फुगतं."

"फुगू द्या. जळलेलं फुगत बी न्हाई."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली, कपाटं कुठे येतील ते विचारलं, आणि मी सामान घेऊन आले तेव्हा त्या खोलीत आणखी एक तोटी बसलेली होती. "एवढा कागद म्हणल्यावर एक कमी पडतीय," असं त्यांचं म्हणणं होतं.

बिल्डिंगमध्ये त्या तोट्यांचा धसका होता. फोडणीचा धूर वर गेला तर पाणी सुटेल, या भीतीने पहिल्या मजल्यावरच्या बाई मिरच्यांचा ठेचा गॅलरीत स्टोव्ह लावून करायच्या. कुणी उदबत्ती लावायचं सोडलं होतं. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी रविवारी सकाळी सगळ्यांना आपल्या तळमजल्यावरच्या घरात बोलावलं. घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकला आणि ऐन तोटीखाली खुर्ची टाकून स्वतः बसले. खोलीत काही दिसेनासं झालं. धुरातून त्यांचा खोकत खोकत आवाज येत होता. "धुरानं न्हाई फुटत. आचेनं फुटते. नळी तापली की फुटते, आन् जिथं आच तिथंच फुटते. सिनेमात दाखवतात तसा घरभर पाऊस न्हाई. बघा, झालं का काही?"

"तुमाला झालं की," दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून अंगणात घेऊन गेल्या.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली सासू, आणि कोचिंग क्लासमध्ये शिकवणारा मुलगा, असं त्यांचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूचं सगळं त्या एकट्या करायच्या आणि त्याविषयी कधी बोलायच्या नाहीत. मालकांशी मात्र त्या रोज भांडायच्या. ते भांडण दोघांनाही आवडत असावं.

आगीची एवढी भीती कशामुळे, हे जाणून घ्यायचा लोकांचा फार प्रयत्न असायचा. दुकान जळालं असेल, कुणी जवळचं भाजून गेलं असेल, बायकोच गेली असेल, असं बोललं जायचं. बायको कावीळ होऊन गेली होती. एकदा जिन्यावर मी सरळ विचारलं.

"कुणी न्हाई जळालं," ते म्हणाले. "तरुणपणी मालाला हैदराबादला गेलतो. एका हॉटेलात उतरलो. रात्री पडल्या पडल्या वर बघितलं तर ही तोटी. मॅनेजरला विचारलं, त्यानं सांगितलं. लई आवडलं. आपण झोपलेलो आन् वर कुणीतरी जागं हाय." मग म्हणाले, "लोकान्ला वाटतं जळल्याबिगर माणूस असं करत न्हाई. कावून? जळायच्या आधी करायला काय झालं?"

आणि हसून पुढे म्हणाले, "मला सोताला तर मेल्यावर बी आग न्हाई. आमच्यात पुरतात. हे समदं तुमच्यासाठी चाललंय."

त्या तोट्यांतून पाणी सुटलेलं त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं. तेही त्यांच्याच चुकीमुळे. बिल्डिंग बांधताना त्यांनी पाईपांकडे इतकं लक्ष दिलं की पाळण्याच्या कड्या राहिल्या. आपल्याकडे घर बांधताना हॉलच्या स्लॅबमध्ये लोखंडी कडी सोडतातच, झोका बांधायला, पाळणा टांगायला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाही घरात कडी नव्हती. चौथ्या मजल्यावर बारसं निघालं तेव्हा हे लक्षात आलं. घरच्या माणसांनी मग छताखालून गेलेल्या त्या पाईपलाच दोर बांधला आणि पाळणा टांगला. वर फुगे, झिरमिळ्या, सजवलेली आडवी दांडी.

बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात ठेवायची रीत. वरवंट्याला झबलं-टोपडं घातलं, बायकांनी तो पाळण्यात निजवला, आत्याने पहिला झोका दिला, आणि ती दांडी जाऊन काचेच्या नळीला लागली. पाणी असं सुटलं की कुणाला कुणी दिसेना. बाळ त्याच्या आजीच्या मांडीवर भिंतीला होतं, त्याला थेंब लागला नाही. वरवंटा तेवढा भिजला.

मी त्या खोलीत होते. दुसऱ्या कुठल्याही गावी बायका बाहेर पळाल्या असत्या. इथे आधी एक आवाज आला, "अगं बादली लावा." मग बादल्या आल्या, घागर आली, खिरीचं पातेलं दुसऱ्यात रिकामं करून ते लावलं गेलं, कुणीतरी पूजेचं ताम्हनसुद्धा पुढे केलं. नटलेल्या, भिजलेल्या बायका पाणी झेलत उभ्या. पाणी काळपट होतं, लोखंडाचा वास मारत होतं. तरी एकही भांडं मागे घेतलं गेलं नाही. "फरशीला होईल," एक आजी म्हणाल्या. "संडासात टाकायला होईल."

मालक जिना चढून धापा टाकत आले. आधी बाळ कुठे आहे ते विचारलं. बाळ दिसल्यावर ते ओरडतील असं वाटलं होतं. ते त्या तोटीखाली जाऊन उभे राहिले, विभूती गालांवर ओघळली, आणि चष्म्यावरून पाणी गळत असताना ते म्हणाले, "चालतंय की."

"मालक, कॉक बंद करा," सिस्टर म्हणाल्या.

"करतो. जरा बघू द्या."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. प्रत्येक हॉलच्या छतात कडी बसवून झाली तेव्हाच त्याला सोडलं.

स्वतःच्या बिल्डिंगवर त्यांचं समाधान नव्हतं. गावात कुठे पाया खोदला जातोय असं कळलं की ते तिथे जायचे. बिल्डरला गाठून चहा पाजायचे, तोट्यांचं समजावून सांगायचे. घरांच्या सगळ्या इमारतींना हे सक्तीचं झालं पाहिजे म्हणून कचेऱ्यांतही जायचे. एकदा मी सोबत होते. चहाच्या टपरीवर त्यांच्या ओळखीचा एक कर्मचारी त्यांना म्हणाला, "मालक, गावातले लोक असलेला नियम पाळंनात. तुमी नसलेला पाळताव. आमी तुमाला कुठं बसवावं?"

मालक त्याच्यासोबत हसले. मग परत येताना मला म्हणाले, "नियम येईल तवा येईल. पण मॅडम, घर घेणारं माणूस फरशी कोणती इचारतं, नळ कोणत्या कंपनीचा इचारतं. वर काय हाय ते एकानं बी इचारलं न्हाई. इतकी वर्षं झाली. एक जरी गिऱ्हाईक सोताहून म्हणलं ना, की हे पाहिजे, न्हाईतर घर नको, तर बिल्डर आपोआप लावंल. मी एकटा बोंबलून काय होतंय. मी तर येडा ठरलोय."

त्यांना एवढंच हवं होतं. कुणीतरी आपणहून मागावं.

मग तो उन्हाळा आला. पाऊस आदल्या वर्षीच फसला होता. बोअर आटला, नळ आला तरी धार करंगळीएवढी, टँकर आज म्हटला की परवा. पिण्याला जार आणायचो. अंघोळीचं पाणी साठवून फरशीला, फरशीचं संडासात. आणि गच्चीवर आगीची टाकी काठोकाठ भरलेली. ऊन उतरल्यावर सगळे गच्चीवर जमले. मालकांना खुर्ची दिली होती, ते बसले नाहीत.

"मालक, मी एक इचारते," सिस्टर म्हणाल्या. "सासूचे कपडे मला रोज धुवावे लागतात. कालचे आज धुतलेत. तिच्या पाठीला जखम व्हायला लागलीय. आन् हे पाणी इथं डबडबलंय."

"ते पाणी न्हाईच असं समजा, सिस्टर."

"समजू कसं? दिसतंय की."

"आग लागायची तवा लागंल," चौथ्या मजल्यावरचे म्हणाले. "तहान आज लागलीय."

"आज लागली तर? पंखे दिवसरात्र चालू हायत, वायरी तापल्यात. ह्या दिवसांतच लागते आग. बंब बोलावला तर त्यात बी पाणी पाहिजे का न्हाई?"

"तुमाला आमच्यापेक्षा टाकीची माया हाय," सिस्टर म्हणाल्या. त्या कधी असं बोलत नसत. आवाज मात्र चढला नव्हता. मालक जाऊन कठड्याला टेकले. मग म्हणाले, "सकाळपर्यंत थांबा."

सकाळी ते हातात पिशवी घेऊन आपल्या दारात उभे होते. चौसाळ्याला त्यांचं शेत होतं, तिथल्या विहिरीला अजून पाणी होतं. पाऊस पडेपर्यंत तिकडे राहतो म्हणाले. टँकरमधला त्यांच्या घराचा वाटा सिस्टरना द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. घराला कुलूप लावून त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली.

"हे असं करून आमाला लाजवताव होय?" सिस्टर म्हणाल्या.

"न्हाई. मी गेल्यावर एका माणसाचं पाणी वाचतं. हिशोब हाय साधा."

"ह्या वयात शेतात एकटं राहताव. बीपीच्या गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या."

"दाखवा."

त्यांनी पिशवीतून गोळ्या काढून दाखवल्या, मग गेले.

तो वाटा सिस्टर घ्यायच्या. घ्यावाच लागत होता. सासूची पाठ त्या उन्हाळ्यात चिघळली नाही, आणि टाकी कुणी फोडली नाही.

अधूनमधून ते एसटीने यायचे. भर दुपारी स्टँडवरून चालत, डोक्याला पंचा गुंडाळून. गच्चीवर जायचे, टाकीचं झाकण उघडून आत बघायचे, कॉक फिरवून बघायचे आणि परत निघायचे. येताना शेतातलं पाणी बाटलीत भरून आणायचे. बिल्डिंगमधलं पाणी प्यायचे नाहीत, कुणाकडे चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "इथला वाटा मी दिलाय, आता कसा पिऊ," म्हणायचे. एका दुपारी सिस्टर जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

"प्या."

"हाय माझ्याजवळ."

"ते गरम झालंय. हे माठातलं हाय. प्या म्हणते ना. पेशंट असता तर नाक धरून पाजलं असतं."

त्यांनी तांब्या घेतला, वरून दोन घोट प्यायले, आणि तो तसाच झाकून परत दिला. "बाकीचं म्हातारीला द्या," म्हणाले. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत सिस्टर जिन्याच्या खिडकीत उभ्या होत्या.

पाऊस उशिरा आला, पण आला. नळ सुरू झाला. मालकांच्या घराची खिडकी मी उघडून ठेवली, जरा हवा खेळावी म्हणून. त्यांचा मुलगा म्हणाला होता, पेरणी उरकली की येतील. पेरणी चालू असताना बांधावर बसल्या बसल्याच ते गेले. गड्याला वाटलं डुलकी लागली.

सिस्टर आणि मी चौसाळ्याला गेलो. त्यांना बसवलं होतं, त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे, भिंतीशी टेकवून, कपाळाला भरपूर विभूती, गळ्यात हार. बेलाची पानं वाहिली. शेताच्या कडेलाच जागा केली होती. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या मरणांत शेवटी धूर होता. इथे फक्त ओली माती होती आणि ती टाकणाऱ्यांचे हात. परतीच्या वाटेवर जीप मांजरसुंब्याला चहासाठी थांबली. सिस्टरनी चहा घेतला नाही. "माझ्या त्या बोलण्यावरून गेले," एवढंच म्हणाल्या. नाही म्हणावं असं माझ्या मनात आलं, पण ते खरं झालं नसतं, आणि होय म्हणणंही. मी त्यांचा हात धरून बसले.

त्याला आता बरेच दिवस झाले. सिस्टरच्या सासूही नंतर गेल्या. मालकांच्या मुलाने एकदा गच्चीवर सगळ्यांना बोलावून विचारलं, आप्पांच्या मागे ही टाकी ठेवायची का, का घरच्या पाण्याला जोडून टाकायची. कुणी उत्तर द्यायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "ठेव." विषय तिथेच मिटला. टाकीची देखभाल पाळीपाळीने होते. मी पुस्तकांच्या खोलीत वाचत असते तेव्हा कधीकधी वर बघते. वाचताना मान वर करायची मला पूर्वी सवय नव्हती. त्यांची बिल्डिंगभर फिरणारी चपलांची फटफट आता नाही, आणि जिन्यात कुणी माझ्या साडीचा पदर बोटांत धरून "सुती हाय, चांगलंय," म्हणत नाही. लहानपणी वडील गेल्यापासून माझ्या भल्याची एवढी काळजी घरातल्या कुणी घेतली नव्हती.

परवा सिस्टरनी मला सोबत बोलावलं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय, आणि त्याने गावाबाहेर नव्या स्कीममध्ये फ्लॅट पसंत केलाय. बुकिंगच्या आधी आईने बघावा अशी त्याची इच्छा. तिघं रिक्षाने गेलो. नमुन्याचा फ्लॅट तयार होता. चकचकीत फरशी, किचनला काळा ओटा. बिल्डरचा माणूस एकेक नळ सोडून दाखवत होता. मुलगा खूश होता. सिस्टर हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आग लागली तर इथं काय सोय?"

"आई," मुलगा म्हणाला.

"खाली बादल्या टांगल्यात ना वाळूच्या," बिल्डरचा माणूस म्हणाला. "फायरचा सिलिंडर पण देणार."

"छताला तोट्या लागतात. पाणी सुटणाऱ्या. त्या पाहिजेत."

"त्या एवढ्याला कम्पलसरी नाहीत, मावशी. कुणी मागत पण नाही."

"मी मागते ना."

"एका फ्लॅटसाठी कसं जमेल?"

"मग समद्यांना लावा. न्हाईतर आमाला नको."

तो माणूस मुलाकडे बघून हसला. मुलाने मान खाली घातली. सिस्टर बाहेर येऊन रिक्षात बसल्याही. मुलगा मागून आला तो रागातच. "एवढा चांगला फ्लॅट हातचा जाईल. तू मालकांसारखं करायला लागलीस," तो म्हणाला. रिक्षा हायवेला लागली. मी त्यांच्याकडे बघत होते. मग बाहेर बघायला लागले.

बऱ्याच पुढे आल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मॅडम, चुकलं."

"काय?"

"नुसत्या तोट्या मागितल्या. टाकी वेगळी पाहिजे हे सांगायचंच राहिलं. न्हाईतर हे लोक घरच्याच टाकीला जोडतील, आन् उन्हाळ्यात त्यात थेंब राहायचा न्हाई."

"फोन कर मग," मुलगा म्हणाला.

"फोनवर न्हाई कळत," सिस्टर म्हणाल्या, आणि पुढे वाकून त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, वळव बाबा. परत जायचंय."